उमेदवाराची उमेदवारी

उमेदवार हा शब्द आपण फारसीकडून घेतला. उमेद म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला. परंतु मराठींत या शब्दास आणखी एक अर्थ जडला, आणि तो आम्हांस मूळ अर्थाहूनहि अधिक मोलाचा वाटतो. कचेरींत, छापखान्यांत किंवा वकिलाच्या दप्तरांत जो मनुष्य बिनपगारी अथवा नाममात्र पगारावर काम शिकत राही, त्यालाहि उमेदवारच म्हणत. आमचे आजोबा मामलेदार कचेरींत दोन वर्षें असे उमेदवार होते. सकाळीं सर्वांच्या आधीं जाऊन दौतींत शाई घालावी, दिवसभर नकला कराव्या, कारकुनांचीं बोलणीं निमूटपणें ऐकावीं आणि महिनाअखेर रिकाम्या हातानें घरीं यावें, असा त्यांचा क्रम असे. इंग्रजींत याच अर्थाचा जो शब्द आहे त्याची व्युत्पत्ति शोधीत गेलें तर ती एका झग्यापाशीं जाऊन थांबते. प्राचीन रोमांत अधिकारपद मागणारा मनुष्य खडूनें पांढराशुभ्र केलेला झगा पांघरून लोकांत हिंडत असे, आणि त्या शुभ्रपणावरूनच त्याला नांव पडलें. रोमन मनुष्यानें वस्त्र पांढरें करावें आणि मराठी मनुष्यानें शाईनें बोटें काळीं करावीं, हा भेद आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. निवडणुकीस उभा राहिलेला मनुष्य आपल्यापुढें येतो तो बहुधा झगा पांघरून येतो. त्याचीं बोटें काळीं आहेत कीं नाहींत हें पाहण्याचें काम मतदारावर पडतें.

हा विचार सुचण्यास कारण झाला तो वेल्स देश. ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम अंगास हा डोंगराळ मुलूख पसरला असून त्याची वस्ती सुमारें ३१ लाख आहे. त्याची भाषा इंग्रजीहून सर्वस्वीं निराळ्या कुळांतील. १९११ च्या खानेसुमारींत शेंकडा ४३ हून अधिक लोक ती बोलत होते. २०२१ च्या खानेसुमारींत हें प्रमाण शेंकडा १७.८ वर आलें. राज्यकारभार मात्र शतकानुशतकें लंडनहून चाले. तो कसा चाले याचें एक उदाहरण तेथील माणसें आजहि विसरलेलीं नाहींत. लिव्हरपूल शहरास पाणी हवें म्हणून ट्रिवेरिन नदीचें खोरें बुडविण्याचा कायदा १९५७ सालीं लंडनच्या पार्लमेंटांत मंजूर झाला. वेल्सच्या बहुतेक सर्व सभासदांचा विरोध असतांहि तो झाला, आणि कापेल केलिन नांवाचें एक वेल्शभाषी खेडें, त्याच्या शाळेसह व प्रार्थनामंदिरासह, १९६५ पर्यंत पाण्याखालीं गेलें. आपल्या घराविषयींचा निर्णय आपल्या घराजवळ व्हावा, ही मागणी अशा प्रसंगांतून बळावत जाते. तरीहि १९७९ सालीं स्वतंत्र प्रतिनिधिसभेचा प्रश्न लोकमतास टाकला तेव्हां पांचांपैकीं चार मतें विरुद्ध पडलीं. पुढें १९९७ च्या सप्टेंबरांत तोच प्रश्न पुनः विचारला गेला आणि अवघ्या ६,७२१ मतांच्या आधिक्यानें ती सभा मंजूर झाली. १९९९ च्या मे महिन्यांत तिची पहिली निवडणूक झाली. साठ सभासदांची ही सभा कार्डिफ येथें भरूं लागली. २०११ च्या लोकमतानें तिला कायदे करण्याचा व्यापक अधिकार मिळाला, आणि २०२० सालीं तिचें नांवच पार्लमेंट असें झालें. वेल्श भाषेंत तिला सेनेद म्हणतात.

आमच्या एका भाच्याचें बिऱ्हाड कित्येक वर्षांपासून दक्षिण वेल्समधील एका खोऱ्यांत आहे. तो तेथें डॉक्टर आहे. कोळशाच्या खाणींवर वाढलेल्या या खोऱ्यांतून भारत-पाकिस्तानांतील डॉक्टरांनीं कित्येक दशकें दवाखाने चालविले आहेत, त्यांपैकींच तो एक. २०२१ च्या निवडणुकींत तेथें सोळाव्या वर्षीं मत देण्याचा अधिकार प्रथमच मिळाला आणि त्याची कन्या नेमकी त्याच वर्षीं सोळा पुरी करून बसली होती. घरीं आलेल्या निवडणूक-पत्रकांचीं छायाचित्रें तिनें आम्हांस पाठविलीं व खालीं लिहिलें, "मामाआजोबा, प्रत्येकाच्या नांवाखालीं तो कोठें जन्मला, काय काम करतो आणि त्याला किती मुलें आहेत हें छापलें आहे. यावरून मीं काय ओळखायचें?" प्रश्न पोरवयाचा खरा, पण पोरकट नव्हे. आम्ही तीं पत्रकें पुनः पुनः वाचलीं. पक्ष निरनिराळे होते, रंग निरनिराळे होते, परंतु माणसाची ओळख करून देण्याची तऱ्हा जवळजवळ एकच होती: याच मातींत जन्म, येथल्याच शाळेंत शिक्षण, शाळेच्या नियामक मंडळांत काम, फावल्या वेळीं टेंकड्यांवर भटकंती, आणि घरीं एखादा कुत्रा. लग्नाच्या स्थळाची माहिती कळवावी तशी ही माहिती होती. सर्व खरें, आणि तरी मुख्य गोष्टीविषयीं अक्षर नाहीं. मग आम्हीं त्या देशाच्या प्रादेशिक पक्षाची, म्हणजे प्लाइड कम्रीची, वंशावळ उलगडून पाहावयाचें ठरविलें. आजवर त्याच्या वतीनें जीं माणसें उभीं राहिलीं तीं कोठून आलीं, हें पाहिल्यावांचून त्या मुलीस उत्तर देणें योग्य झालें नसतें.

हा पक्ष १९२५ च्या ऑगस्टांत, पुल्हेली गांवीं वेल्श भाषेचा वार्षिक साहित्यमहोत्सव भरला असतां, सहा जणांच्या एका बैठकींत स्थापन झाला. त्याचा पार्लमेंटसाठींचा पहिला उमेदवार १९२९ सालीं उभा राहिला. लुइस व्हॅलेंटाइन हे त्याचें नांव. हे बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यांना ६०९ मतें पडलीं. ज्यास निवडून येण्याची उमेद नाहीं असा हा उमेदवार! सात वर्षांनंतर, १९३६ च्या सप्टेंबरांत, व्हॅलेंटाइन, स्वान्सीच्या महाविद्यालयांतील अध्यापक व नाटककार सॉण्डर्स लुइस आणि शाळामास्तर व कथालेखक डी. जे. विल्यम्स या तिघांनीं पेनिबेर्थ येथें वैमानिकांना बाँबफेंक शिकविण्यासाठीं उभारल्या जाणाऱ्या तळावर आग लावली, आणि स्वतःच्या पायांनीं पोलिसांकडे जाऊन ती कबूल केली. तिघांसहि नऊ महिन्यांची कैद झाली आणि लुइस यांची महाविद्यालयांतील जागा गेली. त्यांच्या कृत्याचें समर्थन करण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें लक्ष निराळ्याच गोष्टीकडे जातें. धर्मोपदेशक, अध्यापक, मास्तर हे शब्द त्या पिढीच्या नांवांपुढें शोभेसाठीं लागलेले नव्हते. तो त्यांचा चरितार्थ होता, आणि राजकारणानें त्यांस तो मिळवून दिला नव्हता. उलट राजकारणापायीं तो गमवावा लागे. देण्यासारखें पक्षापाशीं कांहींच नव्हतें, म्हणून घेण्यासाठीं कोणी येत नव्हतें.

दुसऱ्या पिढीचे पुढारी ग्विन्व्हॉर एव्हान्स. ऑक्सफर्डला शिकून वकिलीची परीक्षा उतरलेला हा गृहस्थ लांगाडोग गांवीं कांचेच्या घरांतून टोमॅटो पिकवून विकीत असे. विशेष म्हणजे त्यांचें बालपण बॅरीसारख्या इंग्रजी बोलणाऱ्या बंदरांत गेलें; वेल्श भाषा त्यांनीं मागाहून प्रयत्नानें आपलीशी केली. १९४५ पासून १९८१ पर्यंत ते पक्षाचे अध्यक्ष होते. निवडणुकी हरत हरत, जिल्हामंडळाच्या सभांतून एकट्यानें वाद घालीत, १९६६ च्या जुलैंत कार्मार्दनच्या पोटनिवडणुकींत ते एकदांचे विजयी झाले. लंडनच्या पार्लमेंटांत पक्षाचा तो पहिला सभासद. पुढें तीच जागा त्यांच्या हातून गेली आणि १९७४ च्या फेब्रुवारींत ती परत घेतां घेतां अवघ्या तीन मतांनीं हुकली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ती पुनः मिळाली. त्याच सुमारास दुसऱ्या एका तऱ्हेचीं माणसें पक्षांत दिसूं लागलीं. डाव्हिद विग्ली हे मर्थर टिडफिल येथील हूव्हर कारखान्यांत जमाखर्च पाहणारे अधिकारी होते. फिल विल्यम्स हे पदार्थविज्ञानाचे पंडित. वातावरणाच्या अतिउंच थरांचें संशोधन हा त्यांचा व्यासंग. १९६८ सालीं केअरफिलीच्या पोटनिवडणुकींत हे तरुण शास्त्रज्ञ मजूर पक्षाच्या बालेकिल्ल्यांत उभे राहिले आणि केवळ १,८७४ मतांनीं पडले. हिशेबतपासनीस आणि शास्त्रज्ञ पक्षांत आल्यामुळें एक गोष्ट घडली: भाषेच्या ममतेबरोबर कोळसा, पोलाद, रस्ते, रोजगार यांचे आंकडेहि पक्षाच्या मुखांतून येऊं लागले. मनुष्य आपल्या पेशाचें वजन आपल्याबरोबर घेऊन येतो तें असें.

१९९९ सालीं कार्डिफची सभा भरली तेव्हां या पक्षाचे सतरा सभासद तींत बसले. फिल विल्यम्स त्यांत होते. म्हणजे केअरफिलीच्या पराभवास एकतीस वर्षें लोटल्यावर त्यांस प्रतिनिधीचें आसन मिळालें, तेंहि प्रादेशिक यादींतून आणि चारच वर्षांपुरतें. त्यांच्या सोबत स्वान्सीचे डॉक्टर डाय लॉइड होते, धर्मोपदेशक रॉद्री ग्लिन टॉमस होते, वकिली केलेले येवान विन जोन्स होते, अॅबरिस्टविथच्या माजी नगराध्यक्ष एलिन जोन्स होत्या. त्या सभेंत स्त्रियाहि मोठ्या संख्येनें आल्या. मजूर पक्षानें मतदारसंघांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडींत एक स्त्री व एक पुरुष उभा केला होता, तर प्लाइड कम्रीनें आपल्या याद्यांत स्त्रियांना वरचें स्थान दिलें होतें. परिणामीं २००३ च्या निवडणुकीनंतर तीस स्त्रिया व तीस पुरुष अशी समसमान सभा तेथें भरली. जगांतील कोणत्याहि कायदेमंडळांत तोंपर्यंत असें घडलें नव्हतें.

इथवरची कथा वाचून कोणासहि वाटेल कीं, पूर्ववृत्त चांगलें असलें कीं काम झालें. धर्मोपदेशक, शास्त्रज्ञ, डॉक्टर यांची नांवें शोधावीं आणि खूण करून मोकळें व्हावें. परंतु पुढील कांहीं चरित्रें पाहिलीं म्हणजे हा हिशेब इतका सरळ राहत नाहीं.

महंमद असगर हे पेशावरांत जन्मलेले, धंद्यानें हिशेबनीस. २००७ सालीं प्लाइड कम्रीच्या यादींतून ते आग्नेय वेल्सचे सभासद झाले. त्या सभेंत वर्णानें अल्पसंख्य असलेल्या समाजांतून निवडून आलेले ते पहिलेच. आमच्या भाच्यासारख्या घरांतून त्या दिवशीं किती आनंद झाला असेल याची कल्पना करण्यास कष्ट पडत नाहींत. मात्र २००९ च्या डिसेंबरांत ते पक्ष सोडून हुजूर पक्षांत गेले. यादीवरचें मत पक्षास दिलेलें असतें, माणसास नव्हे. मनुष्य गेला तो ती जागाहि घेऊन गेला. त्यांच्या त्या निर्णयाची कारणें त्यांच्यापाशीं असतीलच, आणि २०२० सालीं त्यांचा मृत्यु होईपर्यंत मतदारांनीं त्यांस नव्या पक्षाकडूनहि पुनः निवडून दिलें. परंतु जन्मस्थान व व्यवसाय यांच्या ओळीवरून हें भविष्य कोणास वाचतां आलें असतें? तसेंच अॅडम प्राइस यांचें. खाणकामगाराचा मुलगा, खाणकामगारांच्या १९८४-८५ च्या प्रदीर्घ संपाच्या काळांत वाढलेला, वक्ता म्हणून नांवाजलेला. पक्षाचें नेतृत्व २०१८ सालीं त्यांच्याकडे आलें. २०२३ च्या मे महिन्यांत पक्षांतील लोकांच्या, विशेषतः स्त्रियांशीं होणाऱ्या, वर्तनाविषयीं एक कठोर अहवाल बाहेर आला आणि प्राइस यांस तें पद सोडावें लागलें. खाणकामगाराचें घर हें उत्तम पूर्ववृत्त खरें. पण तें घर राखण्याच्या कौशल्याचें प्रमाणपत्र नव्हे.

उलट बाजूचेंहि एक उदाहरण दिलें पाहिजे, नाहींतर आमचा हिशेब एकांगी होईल. सभागृह उभें राहिलें म्हणजे त्याच्याभोंवतीं कचेऱ्या उभ्या राहतात: सभासदांचे मदतनीस, माहिती गोळा करणारे, भाषणें लिहून देणारे. पूर्वीं उमेदवार धर्ममंदिरांतून, शाळेंतून, शेतांतून येत. आतां कित्येक या कचेऱ्यांतून येतात. अशा माणसाविषयीं आमच्या पिढीच्या मनांत एक अढी असते. यानें पक्षाबाहेरचें जग पाहिलें आहे काय, असें आपण सहज म्हणून जातों. स्टेफन लुइस हे याच वाटेनें आलेले. शाळकरी वयांतच त्यांनीं पक्षाच्या परिषदेपुढें भाषण केलें, पुढें पक्षनेत्या लिअॅन वुड यांचीं भाषणें लिहिण्याचें काम केलें आणि २०१६ सालीं ते त्या सभेंतील सर्वांत तरुण सभासद झाले. कर्करोगानें २०१९ च्या जानेवारींत, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, ते वारले. त्यांच्या मृत्यूनें विरोधी बाकांवरील माणसेंहि गहिंवरलीं. कारण त्यांची चर्चा अभ्यासाची, सभ्यतेची आणि आपल्या खोऱ्यांतील माणसांना न विसरणारी असे. त्यांचें सर्व आयुष्य पक्षांत गेलें होतें असें कोणी म्हटलें तर तें खोटें नव्हे. परंतु त्यावरून जो निष्कर्ष आम्ही एरवीं काढला असता तो साफ खोटा ठरला असता.

मग पूर्ववृत्ताचा उपयोग तरी काय? आमच्या मतें उपयोग आहे, मात्र त्यांतून योग्य तो प्रश्न विचारतां आला पाहिजे. मनुष्य कोठें जन्मला, हा प्रश्न जन्मपत्रिकेचा आहे. तो काय शिकला, हा प्रश्न नोकरीच्या अर्जाचा आहे. मतदाराचा प्रश्न याहून वेगळा असावा: मत मागण्यापूर्वीं हा मनुष्य कोणापुढें उत्तर देण्यास बांधलेला होता? डॉक्टरापुढें रोगी येतो. तो त्याच्या पक्षाचा आहे कीं नाहीं हें पाहून औषध देतां येत नाहीं. नगरसभासदाकडे तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन येणारी बाई त्याच्या भाषणाची वाहवा करण्यास आलेली नसते. शास्त्रज्ञाचा सिद्धान्त प्रयोगानें खोटा पडला तर टाळ्यांच्या कडकडाटानें तो खरा होत नाहीं. अशा ठिकाणीं माणसास एक संवय लागते. ज्यानें आपल्याला निवडलें नाहीं, ज्याला आपण आवडतहि नाहीं, त्याचेंहि काम करावयाचें आणि त्याचा नकार ऐकून घ्यावयाचा, ही ती संवय. तिलाच आम्ही उमेदवारी म्हणतों. ती कचेरींतहि लागूं शकते, आणि शेतावर जन्म काढूनहि न लागलेलीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत.

या दृष्टीनें लिअॅन वुड यांचें चरित्र आम्हांस फार बोलकें वाटतें. रॉन्दाच्या खोऱ्यांत त्या जन्मल्या व वाढल्या. राजकारणापूर्वीं त्या अपराध्यांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकारी होत्या. म्हणजे तुरुंगाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाकडे जाऊन त्यास सरळ मार्गास लावण्याचा यत्न करणें हें त्यांचें काम. त्या कामांत आपलें स्वागत होईल अशी आशा कोणी धरूं नये. २०१२ सालीं त्या पक्षाच्या नेत्या झाल्या. पक्षाचें नेतृत्व करणारी ती पहिलीच स्त्री. मातृभाषेच्या रक्षणासाठीं जन्मलेल्या पक्षाचें नेतृत्व त्यांच्याकडे आलें तेव्हां ती भाषा त्यांच्या जिभेवर घरच्यासारखी खेळत नव्हती. त्या ती शिकत होत्या. त्यांच्या निवडीनें पक्षानें जणुं जाहीर केलें कीं, भाषा येणें हा वारसा असला तरी ती शिकणें ही योग्यता आहे. २०१६ सालीं त्यांनीं रॉन्दाची जागा मजूर पक्षाकडून जिंकली, आणि २०२१ सालीं त्या तेथेंच पराभूत झाल्या. त्यांना पाडणारी मजूर पक्षाची बाईहि त्याच खोऱ्यांत लोकसेवेचें केंद्र चालविणारी होती, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. दोन्ही बाजूंनीं हात काळे केलेलीं माणसें उभीं असलीं म्हणजे मतदाराची निवड कठीण होते. परंतु ती अडचण भाग्याची समजावी.

त्या सोळा वर्षांच्या मुलीस आम्हीं याच आशयाचें उत्तर लिहिलें. पत्रकांतील कुत्रा, टेंकड्या आणि शाळा सोडून दे, आणि त्या प्रत्येकानें मत मागावयास येण्यापूर्वीं कोणाकोणाचीं गाऱ्हाणीं ऐकलीं तें शोधून काढ, असें आम्हीं कळविलें. तिनें एका दुकानांत व आपल्या वडिलांच्या दवाखान्यांत चौकशी केल्याचें मागाहून समजलें. मत कोणास दिलें हें तिनें सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं.

मात्र त्यानंतर तिच्या देशानें निवडणुकीची रीतच पालटली, आणि तिचा प्रश्न आतां नव्या रूपानें पुढें आला आहे. २०२४ सालीं झालेल्या कायद्यानें सेनेदचे सभासद साठांवरून शहाण्णव करण्याचें ठरलें; मे २०२६ च्या निवडणुकीपासून सोळा मतदारसंघ, प्रत्येकास सहा सभासद. मतदाराचें मत एकच, आणि तें पक्षाच्या बंद यादीस. यादींत कोण पहिला व कोण सहावा हें पक्ष ठरवितो. मतदारास तो क्रम हालवितां येत नाहीं. उमेदवाराचें नांव वेल्समधील मतदारयादींत असलें पाहिजे, असाहि दंडक त्याच कायद्यानें घातला. याद्यांत स्त्रियांचें प्रमाण कायद्यानेंच ठरविण्याचें एक वेगळें विधेयक पुढें आलें होतें, तें २०२४ च्या सप्टेंबरांत मागें घेण्यांत आलें.

बंद यादीचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. मतें जितकीं, जागाहि जवळजवळ तितक्या, हा न्याय तिनें साधतो. स्त्रिया, भाषा न जाणणारे, दूरदेशाहून आलेले यांस जागा द्यावयाची पक्षाची इच्छा असेल तर यादी हें सोपें साधन आहे. महंमद असगर यांना दार उघडलें तें यादीनेंच, आणि फिल विल्यम्स यांना एकतीस वर्षांनंतर आसन मिळालें तेंहि यादीनेंच. परंतु पूर्वीं जो प्रश्न मतदार उंबरठ्यावर उभा राहून विचारीत असे, तो आतां पक्षाच्या बैठकींत विचारला जातो किंवा विचारला जातच नाहीं. पहिल्या क्रमांकाच्या मनुष्यास पक्षाबाहेरील कोणाचाहि नकार ऐकण्याची गरज उरत नाहीं. ज्या पक्षास कधीं काळीं देण्यासारखें कांहींच नव्हतें, त्याच्या हातीं आतां जागांचे क्रमांक आहेत. व्हॅलेंटाइन यांच्या ६०९ मतांच्या काळीं पक्षास सच्ची माणसें निवडण्याचे कष्ट पडत नसत. अपयशच त्यांची निवड करी. यश जवळ आलें म्हणजे हें काम पक्षास स्वतः करावें लागतें, आणि तें अधिक कठीण आहे.

या नव्या रीतीचा अंमल सुरू होण्यापूर्वींची जुन्या पद्धतीची एक निवडणूक केअरफिलींत झाली. २३ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालेल्या त्या पोटनिवडणुकींत, जेथें १९६८ सालीं फिल विल्यम्स थोडक्यांत पडले होते तेथेंच, प्लाइड कम्रीचे लिंडसे व्हिटल शेंकडा ४७ मतें मिळवून विजयी झाले. मजूर पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला. व्हिटल १९७६ पासून तेथील स्थानिक मंडळांत सभासद. दोनदां त्या मंडळाचे प्रमुख. २०११ ते २०१६ यादीवरून सेनेदमध्यें. आणि या मतदारसंघांत १९८३ पासून दहाहून अधिक वेळां उभे राहून पडलेले. वयाच्या बाहत्तराव्या वर्षीं मिळालेली ही जागा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत, म्हणजे सहासात महिन्यांपुरतीच होती.

प्रत्येकानें पन्नास वर्षें उमेदवारी करावी असें आम्ही म्हणत नाहीं. तसें केलें तर सभागृहाचा वृद्धाश्रम होईल आणि स्टेफन लुइस यांच्यासारख्यांस त्यांत कधींच शिरतां येणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, या गृहस्थांना गल्लींतल्या माणसांनीं गटारासाठीं, घरासाठीं, भाड्यासाठीं हांका मारल्या होत्या, आणि पुनः पुनः नाकारलेंहि होतें. जेव्हां होकार दिला तेव्हां तो कोणास देत आहों हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. सहा नांवांच्या यादीपुढें उभ्या राहणाऱ्या मतदारास हें ठाऊक असणें पूर्वींपेक्षां कठीण जाईल. म्हणून त्यानें तें अधिक नेटानें विचारावें, आणि खूण करण्याच्या दिवशीं नव्हे, तर पक्ष यादी करावयास बसतो त्या दिवशीं विचारावें.